स्कॅनर घ्यावा का? खान्देशातल्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून, आकाश ऐकण्याबद्दल

पारोळ्याकडच्या एका तरुणाने विचारलंय: "आमच्या घरावरून दिवसभर विमानं जातात. परदेशातले लोक छोटा स्कॅनर घेऊन वैमानिकांचं बोलणं ऐकतात, पोलिसांचंही ऐकतात, असे व्हिडिओ पाहिले. मला विमानांचं, आणि जमलं तर गणपतीच्या बंदोबस्ताचं आणि रेल्वेच्या सुरक्षावाल्यांचं बोलणं ऐकायचंय. कोणता स्कॅनर घेऊ? अँटेना केवढी लावू? आणि आई म्हणते, धाब्यावर काठी उभी केली की वीज पडेल. खरं का?"

भाऊ, थोडक्यात सांगायचं तर स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळून त्यावरचं बोलणं ऐकवणारा रेडिओ, आत्ता घेऊ नका. पोलिस आणि सुरक्षेचं बोलणं ऐकण्याचा विचार कायमचा सोडा. विमानांचं जे स्वप्न तुम्ही पाहताय, त्यातलं निम्मं खान्देशातून ऐकूच येत नाही. आईचं मात्र बरंचसं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो.

मी वायरलेस सेट दुरुस्त करण्यात तीसेक वर्षं घालवली आहेत आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना त्याहून जुना आहे. म्हणजे तुम्हाला लागलेली खाज मला चांगली माहीत आहे.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण बाजारातली निम्मी माहिती चुकीची आहे. तुमच्या वडिलांना विचारा, पूर्वी घरच्या रेडिओलासुद्धा परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात ती कटकट गेली. तेव्हापासून लोकांचा समज झाला की ऐकायला परवानाच लागत नाही, बोलायला लागतो. तसं नाही. सूट मिळाली ती आकाशवाणीसारखं प्रसारण ऐकण्याला. जे सगळ्यांसाठी सोडलंय ते खुशाल ऐका. दोन ठरावीक माणसांमधलं बोलणं वेगळं. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची हीच भूमिका होती. त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत मंजुरी हवी, असं म्हटलंय. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडला तर कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या सतराव्या कलमातही तेच आहे: जे जनतेसाठी नाही ते पकडू नये आणि चुकून कानावर पडलं तर पुढे सांगू नये.

ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे विमानांचं बोलणं ऐकायला मुभा आहे, विमानतळाच्या कुंपणाशी लोक खुर्च्या टाकून बसतात. इंग्लंडमध्ये दुकानात स्कॅनर उघड मिळतो, पण विमानांचं बोलणं ऐकणं कायद्याने गुन्हाच आहे. तेव्हा व्हिडिओ कुठला आहे ते आधी बघत जा.

आता पोलिस आणि सुरक्षा. हे मी कुणालाच शिकवत नाही, फ्रिक्वेन्सी तर सांगतच नाही. महाराष्ट्र पोलिसांची बिनतारी यंत्रणा पुण्याहून चालते आणि तिथली माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा फार पुढची आहेत. जिथे यंत्रणा डिजिटल आणि सांकेतिक झाली तिथे स्कॅनरला फक्त घरघर मिळते. जिथे जुने सेट आहेत तिथे ऐकू येईलही, पण मिरवणुकीच्या रात्री "अमुक चौकात गर्दी वाढली" हे अर्धवट ऐकून कुणी व्हॉट्सॲपवर टाकलं, तर पुढे काय होतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. रेल्वेचंही तसंच. भुसावळसारख्या जंक्शनवर गाडीचा गार्ड, ड्रायव्हर आणि स्टेशन यांच्या बोलण्यावर गाड्या चालतात, तो करमणुकीचा माल नाही. माझी माय अहिराणीत म्हणायची, "दुसरास्न्या गोष्टी कान लाईसन ऐकू नही." तिने रेडिओ कायदा वाचला नव्हता.

एक अनुभव सांगतो. एका यात्रेत बंदोबस्ताचं काम घेतलेल्या खासगी ठेकेदाराने ऑनलाइन स्वस्तातले वॉकीटॉकी मागवले, डझनभर. कारखान्यातून जसे आले तसेच मुलांच्या हातात दिले. दुपारी माझ्याकडे धावत आले, "सेट खराब आहेत, मधेच दुसऱ्याचं बोलणं येतं." सेट ठणठणीत होते. हेच दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसले होते, आणि तिकडच्यांनाही यांचं "नारळाच्या दुकानाजवळ ये रे" ऐकू जात होतं. मी सगळ्यांच्या बॅटऱ्या काढायला लावल्या. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यात कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त सेट २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. यात्रेला, लग्नाला, शेतात तेवढे पुरतात. बाकीचे बहुतेक सेट खोक्यावर "लायसन्स फ्री" लिहिलेलं असलं तरी तसे नसतात. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना याच विक्रीवरून नोटिसा काढल्या, त्या उगीच नाही.

आणि हो, अशा सेटवर विमान ऐकू येत नाही. "घेतला, पण काहीच येत नाही" म्हणणारे दर महिन्याला एक-दोन तरी भेटतात. कारण साधं आहे. हे सेट एफएम पद्धतीचे आहेत आणि विमानं एएम या वेगळ्या, जुन्या पद्धतीवर बोलतात.

हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा थांबतो. विमानांचा बोलण्याचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. आपल्या एफएम रेडिओचा पट्टा १०८ वर संपतो, त्याच्या जरा पुढे. १०८ ते ११८ मध्ये दिशादर्शक यंत्रं बोलतात, माणसं नाहीत. इतकी वर्षं झाली, सगळं जग एफएम आणि डिजिटलकडे गेलं, विमानं अजून एएमवर का? एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरकस आवाज अशक्त आवाजाला गिळून टाकतो, दुसरा कुणी बोलत होता हेही कळत नाही. एएममध्ये दोन्ही आवाज आदळतात आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. शब्द कळत नाहीत, पण दोघं एकदम बोलले एवढं कळतं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. कंट्रोलरचं, म्हणजे जमिनीवरून विमानांना आदेश देणाऱ्याचं, "थांबा" आणि दुसऱ्या विमानाचं "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" हे एकाच क्षणी निघालं, आणि उड्डाणाला निघालेल्या कॉकपिटमध्ये तीनेक सेकंद ती शिट्टीच पोचली. शिट्टीने इशारा दिला होता, तो कुणी वाचला नाही. म्हणूनच आज प्रत्येक आदेश वैमानिकाला जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा लागतो, आणि "टेक-ऑफ" हा शब्द खरी परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा असतो.

हे मी ऐकलंय ते चोरून नाही. खान्देशातल्या एका धावपट्टीवर सेटची देखभाल माझ्याकडे होती. दुरुस्ती झाली की तपासायला हेडफोन लावून बसायचो. शिकाऊ पोरं पहिल्यांदा एकटी वर जायची तेव्हा आवाज असा थरथरायचा की सेटमध्ये दोष आहे असं वाटावं. 'थ्री'ला 'ट्री', 'फाइव्ह'ला 'फाइफ', 'नाइन'ला 'नायनर' म्हणायचं हे पोरं विसरायची, मग वरून बोलणी बसायची. चार दिवसांत कान सरावतो. शब्द मोजकेच असतात: उंची, दिशा, वारा, आणि पुढची फ्रिक्वेन्सी. गप्पा नसतात. ज्यांना हे थरारक वाटेल असं वाटतं, त्यांचा अर्ध्या तासात विरस होतो.

आता मुख्य गोष्ट: खान्देशातून काय पोचतं. या लहरी सरळ रेषेत जातात, जमिनीच्या गोलाईआड वाकत नाहीत. हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. दोन्ही बाजूंचं काढून बेरीज करा, उत्तर किलोमीटरमध्ये. तुमची अँटेना जमिनीपासून १० मीटर वर धरा, तिचे झाले १३ किलोमीटर. विमान ३५,००० फुटांवर म्हणजे साधारण १०,६७० मीटरवर असेल तर त्याचे ४२५. म्हणजे बेरीज ४३८, तेवढ्या किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज सैद्धांतिकदृष्ट्या तुमच्या घरापर्यंत येतो. पण त्याच्याशी बोलणारा कंट्रोलर जमिनीवर, वीसेक मीटरच्या मनोऱ्याखाली. त्याचे १८ अधिक तुमचे १३, झाले ३१. जळगाव विमानतळाच्या तीस किलोमीटरच्या आत राहत असाल तर तिथला टॉवर पोचेल, मुंबई स्वप्नातही नाही. म्हणजे पारोळ्यात बसून फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं होतं: "रॉजर... हो, उतरतोय... पुढची फ्रिक्वेन्सी अमुक." कुणी काय सांगितलं, कळत नाही.

त्यात आपला भूगोल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मधे तापीचा पसरट तवा. रावेर-यावलच्या केळीतून बघितलं तर उत्तरेचं क्षितिज डोंगरानेच आखलेलं दिसतं. शिकाऊ विमान ३,००० फुटांवर असेल तर सपाटीवर त्याचा आवाज साधारण १३७ किलोमीटरवरून यायला हवा, पण डोंगराच्या कुशीत शिरलं की आवाज कापून टाकल्यासारखा जातो. तोरणमाळला जाऊन बसलात तर उलट, सगळं उघडं.

उन्हाळ्यात एक गंमत होते. मेच्या रात्री जमीन आणि वरची हवा यांच्या तापमानाचे थर असे बसतात की लहरी त्यात अडकून लांबवर घसरत जातात. एरवी न येणारी इंदूरकडची एफएम केंद्रं पहाटे येतात आणि ऊन चढलं की विरघळतात. तुमच्या साध्या रेडिओवरही हे पाहता येईल. पूर्ण कायदेशीर, फुकट, आणि माझ्या मते पोलिसांच्या बोलण्यापेक्षा कितीतरी मजेदार.

विमानं ओळखायचीच हौस असेल तर आवाजाचा नाद सोडून नकाशाकडे या. भारताच्या नकाशावर फूटपट्टी ठेवा. दिल्ली ते पुणे रेघ मारा, अहमदाबाद ते हैदराबाद मारा, मुंबई ते लखनऊ मारा. तिन्ही रेघा धुळ्याच्या आसपास एकमेकींना कापतात. विमानं अगदी फूटपट्टीने जात नाहीत, ठरलेल्या मार्गांनी जातात, पण तुमच्या घरावर एवढी वर्दळ का, याचं उत्तर त्यात आहे. प्रत्येक मोठं विमान १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःचा ओळख क्रमांक, उंची आणि जागा सतत सांगत असतं. फोनमधली विमान दाखवणारी ॲप याच संदेशांवर चालतात, ठिकठिकाणच्या हौशी लोकांच्या रिसीव्हरकडून ती माहिती गोळा करतात. सुरुवातीला ॲप पुरे. स्वतःचा रिसीव्हर परवाना हातात आल्यावर.

परवाना म्हणजे हॅमचा. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही बिनतारीचं काम पाहणारी शाखा परीक्षा घेते, अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही, जनरलला लागते. बारावीचं भौतिकशास्त्र डोक्यात असेल तर रेडिओचा अभ्यास दोन-तीन महिन्यांत होतो, नियमांचा भाग मात्र पाठच करावा लागतो आणि तिथेच पोरं आपटतात. हा परवाना मिळाला म्हणजे विमानं आणि पोलिस ऐकायची सनद मिळाली असं समजू नका. त्यातही गुप्ततेची अट आहे. पण सेट आणि रिसीव्हर राजरोस बाळगता येतात, आणि ऐकण्यासारखं पुष्कळ असतं.

उदाहरणार्थ अंतराळ स्थानक. ते चारशेहून जास्त किलोमीटरवरून जातं आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर हॅम लोकांसाठी आवाज आणि कधीकधी चित्रं पाठवतं. एका फेरीत दहाएक मिनिटं मिळतात. येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढीच खाली सरकते. रेल्वे फाटकावर इंजिनाची शिट्टी बदलते तसंच. रशियाचे मेटिऑर हवामान उपग्रह १३७.९ वर ढगांची चित्रं सगळ्या जगासाठी सोडतात. इंटरनेटवर जुनी माहिती वाचून अमेरिकेच्या नोआ उपग्रहांच्या मागे लागू नका, त्या मालिकेतले शेवटचे तीन २०२५ मध्ये बंद झाले. पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रातून चढत येणारे ढग आपल्या घरच्या तारेवर पकडले की शेजारच्या शेतकऱ्यालाही त्यात रस वाटतो.

यासाठी महागडा स्कॅनर लागत नाही. टीव्हीसाठी बनलेलं आरटीएल चिपचं यूएसबी डोंगल लॅपटॉपला लावलं की २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ दिसतं. ऐकायचं आणि डोळ्यांनी पाहायचं, दोन्ही. २०१२ च्या सुमाराला कुणाच्या तरी लक्षात आलं की या चिपमधून कच्चा सिग्नल काढता येतो, आणि हजारोंचा रिसीव्हर शेकड्यांत आला. आपल्या भागात त्याचे तीन शत्रू आहेत. पहिला ऊन: स्वस्त डोंगलमधला फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तापला की सरकतो. लाखात पाच भाग सरकला तरी १३७.९ वर जवळजवळ सात किलोहर्ट्झचा फरक पडतो. पत्र्याखाली ठेवू नका, आधी वीस मिनिटं चालू ठेवून मग जुळवा. दुसरा, गावाजवळचं एफएम केंद्र. त्याच्या जोराने डोंगल भांबावतं आणि उपग्रहाच्या जागी सिनेमाची गाणी लागतात. ८८ ते १०८ अडवणारा छोटा फिल्टर मधे टाका. तिसरा आणि सगळ्यात हरामखोर म्हणजे खरखर: स्वस्त एलईडी, इन्व्हर्टर, फोनचे चार्जर, विहिरीवरचा स्टार्टर. खात्री करायची असेल तर लोडशेडिंगची वाट बघा. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर असला की आकाश एकदम स्वच्छ होतं. लोडशेडिंगचं कौतुक करणारा खान्देशात मी एकटाच असेन.

अँटेना विकत घेऊ नका. ॲल्युमिनिअमच्या ५३ सेंटिमीटरच्या दोन कांड्या घ्या, इंग्रजी व्हीसारख्या १२० अंशांत आडव्या बांधा. एक कांडी केबलच्या मधल्या तारेला, दुसरी जाळीला. १३७.९ साठी हे माप, पण १४५.८ वरही चालून जातं. केबल डिश टीव्हीची चालेल, फक्त जोड पावसापासून झाका. बोलायचा सेट मात्र या केबलवर लावू नका, तिला ५० ओहमची वेगळी केबल लागते.

एक शक्यता राहिली. कधीतरी, न शोधता, कुणाची मदतीची हाक कानावर पडली तर? १२१.५ मेगाहर्ट्झ ही विमानांची जागतिक आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. पूर्वी उपग्रह तिच्यावरही कान ठेवून असत, १ फेब्रुवारी २००९ पासून ते फक्त ४०६ मेगाहर्ट्झचे संकेत ऐकतात. तुम्ही उत्तर द्यायला जाऊ नका. वेळ, फ्रिक्वेन्सी, कानावर पडलेले शब्द कागदावर लिहा आणि ११२ ला फोन करा. १६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक जखमी झाली. तिच्यापर्यंत आधी पोचले ते रेडिओवाले नव्हेत, आसपासचे आदिवासी. त्यांनी बांबू आणि कापडाची झोळी करून तिला डोंगरातून खाली आणलं.

आता आईचा प्रश्न. दीड पुरुष उंचीची काठी वीज ओढून आणत नाही, पण आसपास पडली तर केबल ती घरात आणते. धाब्याच्या घरात ती सरळ माणसांच्या मधे येते. काठीला जाड तांब्याची तार जोडून ओल्या जमिनीतल्या अर्थिंगच्या सळईपर्यंत न्या, केबल घरात शिरते तिथे अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा जोड, लावा. आणि मेच्या अखेरीला, रोहिणीच्या वादळात केळी आडव्या होतात त्या दिवसांत, ढग दिसले की केबल डोंगलमधून उपसून खिडकीबाहेर फेका. त्या वेळी उपग्रह डोक्यावर असला तरी जाऊ द्या, बारा तासांनी तो परत येतो.